थांबायचा निरोप

परभणीच्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. बायकोला लिंफोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, झाल्यापासून दर तीन आठवड्यांनी आम्ही त्याच्यासमोर बसतो. सुई टोचताना तो हमखास विचारतो, "ताई, आज भाजी कशाची केली?" ती सांगेपर्यंत नळी भरलेली असते.

एकदा मी विचारलं, "शरीरातल्या पांढऱ्या पेशी या रोगाला मारत का नाहीत?"

"सर, पेशी एकमेकींला निरोप धाडतेत. जगा, वाढा, थांबा. ही रोगट पेशी बी त्यांच्यातलीच. जगायचा निरोप सोता घेती, अन् मारायला आलेल्यांना थांबायचा निरोप देती. त्या थांबतेत बी."

परवा त्याने भाजीचं विचारलं नाही. तिच्या मानेकडे बघत राहिला. मग हातमोजे काढून आमच्यासोबत जिना उतरला, रिक्षा थांबवली.

"रिपोर्टची वाट बघू नका. आत्ताच डॉक्टरांकडं जा. मी फोन करतो."

डॉक्टरांनी मानेतल्या नव्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. उत्तर आलेलं नाही. ती स्वयंपाक करताना मी मागे उभा राहून तिची मान बघतो. तिने वळून पाहिलं, की पाणी मागतो.