पाखरं उडवणाऱ्या काकू

"काकूंना पुढच्या रविवारचं कळवायला नको," सर म्हणाले. "त्या असल्या की एक पाखरू थांबत नाही."

धबधब्याजवळ गुपितसुद्धा मोठ्यानं सांगावं लागतं. सर एरवी जंगलात कुजबुजत बोलत. इथे पाण्यावर आवाज चढवणं भाग होतं. खडकाच्या अलीकडे मी ओले मोजे पिळत बसले होते, आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

त्यांच्याजवळ बँकेतले एक गृहस्थ होते. दुर्बीण त्यांचीच असायची. ते म्हणाले, "पण स्टँडवर पोचलो की त्या विचारतातच."

"विचारू देत. अजून ठरलं नाही म्हणायचं. घोगऱ्याच्या धबधब्याला जाऊ, पारशिवनीची पहिली बस धरून. एकेकाला वेगळं सांगा."

"आणि ही मुलगी?"

"तिला सांगा की. तिचा काय त्रास? आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

ही माझी स्तुती होती. मी मोजे पिळत राहिले. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

ते सत्तरच्या दशकातले शेवटचे दिवस. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. सर कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बाबांची आणि त्यांची ओळख होती, म्हणूनच मला रविवारी घराबाहेर पडता येई. "सर आहेत ना, मग जा," एवढंच बाबा म्हणत. सरांची मर्जी गेली असती, तर माझे रविवार पुन्हा घराच्या गॅलरीत गेले असते. हे मला कुणी बजावून सांगितलं नव्हतं, पण मी ते धरून चालत होते.

नागपूरच्या माणसाला धबधब्याचं फार कौतुक, कारण आमच्याकडे तो सहजासहजी सापडत नाही. अंबाझरी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, की अर्धं शहर सायकली काढून तो बघायला जाई आणि घरी येऊन "धबधबा बघून आलो" असं सांगे. आमचा पक्षी बघणाऱ्यांचा गट जरा पुढे जायचा. गोरेवाड्याच्या काठानं, झिलपीच्या तलावाकडे, अडाशाच्या टेकडीवर. पावसाळा सरला, की रामटेकच्या बाजूच्या जंगलात. त्या दिवशीचा धबधबा मनसरहून आत चालत गेल्यावर लागणाऱ्या एका ओढ्यावर होता. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर वरच्या कड्याला हात लागेल, एवढाच. त्याला नाव नव्हतं. पण दसऱ्यानंतरचं ते पाणी इतकं स्वच्छ होतं, की तळातली सागाची पानं शिरांसकट दिसत.

अजून डोळे मिटले, की त्या रविवारांचा वास येतो. एस.टी.च्या सीटच्या तापलेल्या रेक्झिनचा, वाटेवर टोपल्या घेऊन बसलेल्या बायांच्या सीताफळांचा आणि जंगलात शिरल्यावर पायाखाली चुरडलेल्या तुळशीसारख्या कसल्याशा रानटी झुडपाचा. सरांनी त्याचं लॅटिन नाव सांगितलं होतं. मी ते विसरले, वास राहिला.

काकू गटात कशा आल्या ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. एका रविवारी आमच्या बसमध्ये त्या देवदर्शनाला निघाल्या होत्या. आम्ही कुठे उतरतो ते त्यांनी विचारलं आणि देव सोडून आमच्याबरोबर उतरल्या. त्यानंतर दर खेपेला हजर. त्या कोराडीच्या पॉवरहाऊसच्या वसाहतीत राहत. पहाटेच्या बसनं शहरात येत. नऊवारी नाही, साधी वॉइलची पाचवारी, आणि खाली नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट. बूट मोठे व्हायचे म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. "चालताना पाय येते मांगून आणि बूट जाते पुढं," असं त्या स्वतःच सांगत.

त्या फार हळू चालत. वजन होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. त्या झाडांना हात लावत. वाटेकडेचं पान धरायचं, त्यावरून बोट फिरवायचं आणि बोट बघायचं.

"पाह्य," एकदा त्यांनी मला बोट दाखवलं. "साफ आहे. आमच्या इकडं पानावर बोट फिरवलं का राख. धुतलेले कपडे वाळू घातले, राख. इथं झाडं कोण धुते वं?"

मी हसले. मी सगळ्यांच्या मागे चालायची, कारण मागे चाललं की कुणी बोलत नाही. काकू मागे राहायच्या, कारण त्यांना पुढे जाता येत नसे. त्यामुळे आमची जोडी जमली.

"काहून बोलत नाही तू?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मराठी येते ना?"

"येते."

"मग? शाळा इंग्रजीतली?"

"हो."

"तरीच. मले वाटलं कोणी रागावलं."

शाळेत न बोलण्याला चांगल्या वागणुकीचं प्रशस्तिपत्र मिळे. मला ते दर वर्षी मिळालं. बाहेर मराठीत बोलताना वाटे, वाक्य नीट बसलं नाही तर हसतील. इंग्रजीत बोललं तर शिष्ट म्हणतील. म्हणून दोन्ही नको. काकूंच्या शेजारी चालताना मात्र हा प्रश्नच नसे, कारण माझ्या वाटणीचंही त्याच बोलत.

परतीच्या बसमध्ये तर त्या माझ्यासाठी भांडत. मनसरच्या फाट्यावर बस आधीच भरून येई. बस थांबते न थांबते तोच काकू खिडकीतून आपली कापडी पिशवी सीटवर टाकत, आणि आत जाऊन कुणी तिथं टेकू लागला, की कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "जागा आहे भाऊ. माणूस येऊन राहिलं."

"कुठाय माणूस?"

"ते काय. लाजून राहिलं दारात."

सगळी बस माझ्याकडे बघे. मी मान खाली घालून त्या सीटवर जाऊन बसे. मला स्वतःला कधी जागा धरता आली नाही. रुमाल टाकणं जमलं असतं, पण त्यानंतर बोलावं लागतं.

काकू एवढं का बोलतात, ते मला एका रविवारी कळलं. त्यांच्या यजमानांची नोकरी शिफ्टची. दर आठवड्याला त्यांच्या झोपेची वेळ बदले, घरातली शांतता मात्र बदलत नसे. क्वार्टरच्या दोनच खोल्या. ते दिवसा झोपले, की रेडिओ बंद, भांडी पाण्यात बुडवून घासायची, दाराची कडी कापड गुंडाळून लावायची. कुकरची शिट्टी नको म्हणून वरण पातेल्यात शिजवायचं. शेजारीणही खाणाखुणांनी बोलायची, कारण तिच्याकडेही कुणीतरी झोपलेलं असे.

"त्यायचा काही दोष नाही," काकू म्हणाल्या होत्या. "रातभर बॉयलरपाशी उभं राहते माणूस. पण मले कधी कधी वाटते, माहा आवाज आहे का गेला? म्हणून इथं आली का पाहून घेते."

आणि त्या खरोखर पाहून घेत. सर ओठांवर बोट ठेवत, काकू मान डोलावत, आणि दहा पावलांवर पुन्हा सुरू होत. पक्ष्यांची नावं त्यांना येत नसत, शिकायचीही नव्हती. टिटवी दिसली की "ही आमच्या शिफ्ट इन्चार्जवानी चालते", आणि धनेश दिसला तर "एवढं मोठं नाक घेऊन झोपते कसं हे?" हिंगण्याच्या कारखान्यातली दोन पोरं गटात होती. ती हसून लोळत, आणि धनेश उडून जाई.

धबधब्याच्या दिवशी सकाळी मात्र फार झालं. स्वर्गीय नर्तक नावाचा पांढरा, लांब शेपटीचा पक्षी पाहायला सर दोन वर्षं धडपडत होते. तो ओढ्यावरच्या जांभळाच्या फांदीवर येऊन बसला. सरांनी हात वर केला. सगळे जागच्या जागी थिजले. दुर्बीण डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत मागून आवाज आला, "माय वं, शाळेतल्या पोट्टीच्या रिबिनीवानी शेपटी."

फांदी हलली आणि रिकामी झाली. सरांनी दुर्बीण बँकेतल्या गृहस्थांना परत दिली आणि ते पुढे चालू लागले. मला त्यांचंही वाईट वाटलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

म्हणून खडकामागून ते बोलणं ऐकलं, तेव्हा मी सरांना मनात चुकीचं ठरवू शकले नाही. खाली डोहात काकू गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून त्यांनी ते गळ्यात अडकवले होते. धबधब्याकडे तोंड करून त्या काहीतरी सांगत होत्या. कुणाला, ते दिसत नव्हतं.

परतताना आम्ही दोघी नेहमीसारख्या मागे. काकूंनी आज पानांनाही हात लावला नाही.

"सर चिडले," मग त्या म्हणाल्या.

मी पायाखालची वाट बघत चालत राहिले.

"मले कळते, पोरी. मी गप्प राहाले पाहिजे. पण तोंड उघडलं का थांबतच नाही. साचून साचून राहते ना." थोडं चालून त्या पुन्हा म्हणाल्या, "सरायनं आता घोगऱ्याले नेलं पाहिजे. तिथं म्हणते पाणीच एवढं गरजते का माणसाले माणसाचं ऐकू येत नाही. मग बोल ना किती बोलते ते. कोणाले त्रास नाही. नेतीन का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

मला माहीत होतं. पुढचा सगळा रस्ता ते माझ्याबरोबर चाललं. फाट्यावर बस आली तेव्हा काकूंनी पिशवी टाकली, भांडल्या आणि मला खिडकीपाशी बसवलं. कामठीपर्यंत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. झोपेतही त्यांच्या हातात पिशवीचे बंद घट्ट होते.

स्टँडवर उतरलो तेव्हा दिवे लागत होते. कोराडीची बस समोरच उभी होती, कंडक्टर दारात. आम्ही दर वेळेसारखे घोळका करून उभे राहिलो, कारण इथेच पुढचा रविवार ठरत असे.

"मग, सर," काकू म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कुठं?"

सर खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा नीट करू लागले. "बघू. अजून ठरलं नाही."

हिंगण्याच्या एका पोरानं दुसऱ्याकडे पाहिलं. बँकेतले गृहस्थ घड्याळाला किल्ली देऊ लागले. काकूंनी सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली, बोट फिरवावं तशी. त्यांना काय दिसलं ते मी पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "ठरलं का सांगजा."

कसं सांगणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याकडे फोन नव्हता आणि पत्ता कुणी कधी घेतला नव्हता. त्या बसमध्ये चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. दर वेळी त्या खिडकीतून बोलत राहायच्या, बस वळेपर्यंत. आज त्या समोर बघत होत्या. घरी पोचायच्या आधीच गप्प झाल्या होत्या.

इंजिन सुरू झालं. मी घोळक्यातून बाहेर आले. सर माझ्या पाठीमागे होते, अगदी जवळ. त्यांच्या पिशवीच्या बकलाचा आवाज थांबलेला मला कळला. खिडकी माझ्या डोक्याहून उंच होती आणि इंजिन धबधब्यासारखं गरजत होतं, म्हणून आवाज चढवावा लागला.

"काकू, रविवारी घोगरा आहे," मी म्हटलं. "पारशिवनीची पहिली बस, इथूनच. तुमची जागा मी धरते."