कवडू लांजेवारांनी वारा मोजला

कवडू लांजेवारांनी एकतीस वर्षं नागपुरात विजेचे मीटर वाचले. महाल, इतवारी, गांधीबाग हा त्यांचा इलाखा. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा न्हाणीघराच्या भिंतीला, तर कुणाचा इतका उंच की खुर्ची मागून वर चढावं लागे. टॉर्च मारायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि पुढच्या दाराची कडी वाजवायची. कोणत्या घरात नवा कूलर आला, कोणत्या घरचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, हे त्यांना घरच्यांनी सांगण्याआधी आकड्यांवरून कळत असे.

नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. यमुताई नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दाराला कुलूप होतं. पुन्हा फेरी मारायचा कंटाळा करून कवडूंनी शेजारच्या घरावरून अंदाज बांधला आणि एक आकडा लिहून दिला. पुढच्या महिन्यातही तेच केलं. तिसऱ्या महिन्यात, ऐन मे महिन्याच्या दुपारी, ते गेले तेव्हा दार उघडं होतं. यमुताई ओला पंचा डोक्यावर घेऊन फरशीवर पडल्या होत्या. डोक्यावरचा पंखा बंद होता. बिल वाढून आलं म्हणून त्यांनी महिनाभर पंखा लावलाच नव्हता. "मीच जास्त जाळली असन वीज," त्या म्हणाल्या. "लिहिलेला आकडा खोटा कसा असन?"

कवडूंनी स्वतः आत जाऊन पंख्याचं बटण दाबलं. तिथून थेट ऑफिसात जाऊन आपली चूक लिहून दिली, बिल दुरुस्त करून घेतलं आणि साहेबांचा मेमो खाली मान घालून घेतला. त्यानंतर न पाहिलेला आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. बायकोला, वच्छलेला, मात्र ही गोष्ट त्यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितली.

निवृत्तीनंतर ते चार महिने घरी बसले आणि कंटाळले. मग रामदासपेठेत विक्रम नावाच्या तरुणाच्या सोलर कंपनीत त्यांना काम मिळालं. काम होतं गिऱ्हाइकाच्या गच्चीवर चढून पाहणी करायची आणि तिथे वर्षाला किती युनिट वीज तयार होईल, त्याला खर्च किती येईल, याचा अंदाज लिहून द्यायचा. लोकांनी किती वीज खर्च केली हे लिहिण्यात उमर गेलेल्या माणसाला आता किती वीज होईल हे लिहायचं होतं. कवडूंना ते आवडलं.

कंपनीत मयुरा नावाची इंजिनिअर मुलगी होती. गणित तिनं करायचं, पाहणी कवडूंनी करायची, अशी त्यांची जोडी जमली. कवडू गच्चीवर सकाळी नऊला, बाराला आणि चारला सावली पाहत. डिसेंबरात शेजारच्या टाकीची सावली कुठवर लांबेल ते पावलांनी मोजून दाखवत. पॅनेल कोण धुणार, हे विचारल्याशिवाय गच्ची उतरत नसत. एक गोष्ट त्यांना मयुरानं शिकवली आणि ती ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले. नागपूरच्या मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, पण पॅनेल इतकं तापतं की वीज त्या मानानं होत नाही. लोकांना हे पटायला वेळ लागे.

तीन वर्षांपूर्वी पारशिवनीकडच्या एका गावातून शोभाताई ऑफिसात आल्या. अकरा बायकांच्या गटाची त्यांची मिरची-हळद दळायची गिरणी होती. शहरातल्या एका कृषी प्रदर्शनात त्यांनी छोटी पवनचक्की पाहिली होती. दिवसा ऊन, रात्री वारा, म्हणजे वीज कधी कमीच पडणार नाही, असं तिथल्या विक्रेत्यानं त्यांना सांगितलं होतं. शोभाताईंना गिरणीवर दोन्ही हवं होतं. गटाची बचत आणि मंजूर झालेलं अनुदान मिळून पैसा होता. त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी नंतर सांगितली. गिरणी गावाच्या कडेला, कुणाच्या नजरेत न येणारी. फिरती पवनचक्की दूरच्या रस्त्यावरून दिसली असती.

विक्रमनं पवनचक्कीचं माहितीपत्रक कवडूंच्या हातात दिलं. वर्षाला सहा हजार युनिट, असं त्यावर छापलेलं होतं. तेवढाच आकडा धरा आणि सोलरचा जोडून द्या, असं त्याचं म्हणणं होतं.

कवडू एका रविवारी बसनं गावी गेले. छपराची मापं घेतली, सावल्या पाहिल्या. मग गावात चार जणांना वाऱ्याबद्दल विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, आमच्याकडे वारा खूप. कवडूंनी खोदून विचारलं तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकाला एकच दिवस आठवत होता. दोन वर्षांपूर्वी वादळात शाळेची टिनं उडाली होती, तो दिवस. उत्तरेला सागाच्या जंगलाची टेकडी होती. ते तासभर तिथे बसले, तेवढ्या वेळात सागाचं एकही पान हललं नाही.

ऑफिसात परत येऊन त्यांनी सांगितलं की वारा मोजल्याशिवाय आकडा लिहिणार नाही. एवढ्याशा कामासाठी कोण वारा मोजतं, असं विक्रम म्हणाला. कॉम्प्युटरवर सगळ्या भागांच्या वाऱ्याचे नकाशे आहेत, तेच पाहावेत. मयुरानं नकाशा उघडला. त्यात एका चौकोनाला एकच आकडा होता आणि त्या चौकोनात टेकडी, मैदान, तलाव आणि पंधरा गावं बसलेली होती. मग ती शिकली होती त्या कॉलेजातून तिनं वारा मोजायचं एक जुनं यंत्र मागून आणलं. तीन वाट्या वाऱ्यानं गरगर फिरायच्या आणि खालच्या पेटीत दिवसभराची सरासरी दिसायची. गिरणीशेजारी बारा मीटर उंच लोखंडी पाइप उभा करून त्यावर ते बसवलं. रोज सकाळी गटातल्या एका बाईनं आदल्या दिवसाचा आकडा वहीत लिहायचा, असं ठरलं.

"किती दिवस लिहायचं, भाऊ?" शोभाताईंनी विचारलं.

"फेब्रुवारी ते नोव्हेंबर."

"तोवर आमी काय करावं? अनुदान पुढच्या मार्चपर्यंतच हाय."

"मार्चच्या आधी सांगतो, ताई. पण पाहिल्याशिवाय सांगनार नाही."

शोभाताई नाराज झाल्या. तरी वही चालू राहिली. मे आणि जूनमध्ये आकडे वर चढले तेव्हा त्यांचा फोन आला, आवाजात आनंद होता. सप्टेंबर सरला तसे आकडे खाली बसले ते बसलेच. मग फोन आले नाहीत. त्या आता रोज सकाळी स्वतःच पेटीपाशी जात होत्या.

डिसेंबरात मयुरानं सगळा हिशेब मांडला. वाऱ्याचा सरासरी वेग निघाला सेकंदाला सव्वादोन मीटर. माहितीपत्रकातला आकडा बारा मीटर वेगाचा होता. कवडूंना वाटलं, वेग पाचव्या हिश्शाचा आहे, तर वीजही पाचव्या हिश्शाची होईल. मयुरानं मान हलवली. वारा निम्मा झाला की त्यातली वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते, असं तिनं सांगितलं. कवडूंनी कागदावर तीन वेळा गुणून पाहिलं. वर्षातल्या कितीतरी दिवशी चक्कीचं पातं जागचं हललंच नसतं. मे-जूनचे जोराच्या वाऱ्याचे दिवस धरूनही वर्षाला पाचशे युनिट जेमतेम.

मग खर्च. आठ किलोवॉटच्या सोलरला साडेचार लाखांच्या आसपास, आणि वीस वर्षांच्या विजेवर तो खर्च पसरला तर युनिटमागे सव्वादोन-अडीच रुपये. पवनचक्कीलाही जवळपास तेवढेच पैसे, पण युनिट पडणार होतं पंचेचाळीस रुपयांना.

विक्रमला ते आवडलं नाही. निम्मं काम हातचं जात होतं आणि दहा महिने त्यातच गेले होते. दुसरी कंपनी सहा हजार युनिट लिहून देईल आणि बायका तिकडे जातील, असं तो म्हणाला. कवडूंनी वाद घातला नाही. पवनचक्कीच्या अंदाजावर आपली सही होणार नाही, एवढंच सांगितलं. विक्रम दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पवनचक्कीचं पान वगळलेला अंदाजाचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

कवडू तो कागद घेऊन गावी गेले. अकरा बायका गिरणीच्या ओट्यावर बसल्या होत्या. कवडूंनी सगळं सांगितलं, वेगाचं गणितही सांगितलं. शोभाताई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या, "मले दिवाळीपासूनच समजलं होतं. आकडे मीच तर लिहून राहिली. पन तुमी काहीतरी येगळं सांगसान, असं वाटे."

"सांगाले मलेही आवडलं असतं, ताई."

"रस्त्यावरून दिसली असती आमची चक्की." त्यांनी वही मिटली. "जाऊ द्या. सोलर किती होईन, तेवढं पक्कं सांगा."

कवडूंनी सांगितलं, वर्षाला अकरा हजार दोनशे युनिट. मार्चच्या आत पॅनेल बसली. वाचलेल्या पैशातून, अनुदानवाल्यांची परवानगी घेऊन, गटानं पॅकिंगचं मशीन घेतलं.

गोष्ट इथे संपली असती, तर कवडूंना स्वतःचा अभिमान वाटला असता. पण वर्षभरानं मयुरानं मोबाइलवर त्या गिरणीचे आकडे काढले तेव्हा ते दहा हजारांच्या थोडेच वर होते. अकराशे युनिट कमी. गावाकडून कुणाची तक्रार नव्हती. तक्रार नाही हेच कवडूंना लागलं. भाऊंनी सांगितलेला आकडा खरा आणि आपल्याकडूनच कुठे काही कमी पडलं, असं तिथल्या बायका धरून बसल्या असतील, असं त्यांना वाटलं. कुणी बोलावलं नसताना ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसले.

ते पोचले तेव्हा गिरणी चालू होती. छपरावर चढून त्यांनी पॅनेलवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. पाठोपाठ चार शिंका आल्या. गिरणीतली धूळ बाहेर फेकणारा पंखा भिंतीत वर होता आणि मिरचीची बारीक पूड उडून थेट पॅनेलवर बसत होती. बायका पंधरा दिवसांनी पॅनेल धूत होत्या, सांगितलं होतं तसंच. पण पूड दोन दिवसांत पुन्हा साचायची.

पहिल्या वेळी कवडू आले होते तो रविवार होता. गिरणी बंद होती. नंतर आले तेव्हा बायका काम थांबवून ओट्यावर बसल्या होत्या. पॅनेल कोण धुणार हे त्यांनी विचारलं होतं, सावल्या पाहिल्या होत्या, वारा दहा महिने मोजला होता. चालू गिरणी मात्र त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

खाली उतरून त्यांनी शोभाताईंना ते तसंच सांगितलं. शोभाताईंनी पाण्याचा गिलास पुढे केला.

"आमीच धुन्यात कमी पडलो, असं म्हनून राहिलो होतो आमी," त्या म्हणाल्या. "करिष्मा तर या महिन्यापासून हप्त्यातून दोनदा चढाले लागली होती वर." करिष्मा म्हणजे त्यांची सून.

"धुनं तुमचं बराबर होतं. पाहनं माझं कमी पडलं."

"आता काय करावं?"

पंख्याला वाकडा पाइप लावून त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला काढायचं, एवढंच करायचं होतं. पाइपचे पैसे कवडूंनी स्वतः द्यायचे म्हटलं. शोभाताईंनी ते घेतले नाहीत, पण सांगितलं की पुन्हा याल तेव्हा हळद दळायच्या दिवशी या, म्हणजे तेही पाहून होईल. कवडू पुढच्याच आठवड्यात गेले. दुसऱ्या वर्षी आकडा अकरा हजारांच्या जवळ आला.

त्यानंतर कवडूंनी लिहायची पद्धत बदलली. एका आकड्याऐवजी ते दोन लिहू लागले, कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके. त्याखाली एक ओळ, 'मी जे पाहिलं नाही ते', आणि तिच्यापुढे जे असेल ते. विक्रमला ही ओळ खटकली. गिऱ्हाईक बिचकेल, असं त्याला वाटलं, आणि एक-दोन गिऱ्हाइकं खरंच गेली. तरी त्यानं ती ओळ खोडली नाही.

मागच्या जानेवारीत मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका गोदामाचं काम आलं. गच्ची भली मोठी, सावली कशाचीच नाही. तिथली व्यवस्थापक रितिका हिनं कागद वाचला, दोन आकड्यांवरून डोळे फिरवले आणि खालच्या ओळीवर थांबली. 'दक्षिणेच्या मोकळ्या जागेत पुढे काही बांधकाम होणार आहे का, ते मला माहीत नाही.'

तिनं कवडूंकडे पाहिलं. "तिथे तीन मजली इमारत होणार आहे, काका. पुढच्या वर्षी. नकाशा माझ्याकडे आहे. हे आधी आलेल्या दोन्ही कंपन्यांनी विचारलंच नाही."

कवडूंनी चष्मा नाकावर घेतला आणि नकाशा मागितला. मग दोघं पुन्हा गच्चीवर गेले. दक्षिणेच्या कठड्यापासून कवडूंनी उत्तरेकडे पावलं मोजायला सुरुवात केली, आणि रितिका वहीत लिहीत त्यांच्या मागून चालत राहिली.