सातही माणसं वाचली

बायकोसोबत लातूरला लेकीकडं आलं की दोन दिवसांत बसवंतला करमेनासं व्हायचं. म्हणून जावई सत्यम त्याला रविवारी दुपारी नव्या गेमिंग सेंटरात घेऊन गेला. "मामा, तो चष्मा लावला की खरंच तिथं गेल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजोबांना कोणता खेळ लावू? समुद्राचा, जंगलाचा, का भूकंपाचा?"

"भूकंपाचा," बसवंत म्हणाला. सत्यम त्याच्याकडं बघतच राहिला.

किल्लारीच्या भूकंपात गाव गेलं तेव्हा बसवंत सव्वीस वर्षांचा होता. पट्टीचा गवंडी. स्वतःचं घर त्यानंच बांधलं होतं. दगडमातीच्या दीड हात जाड भिंती, वर मातीच्या धाब्याचं माळवद. त्या पहाटे त्याच भिंती आत आल्या. बायको सिंधु दारापाशी होती, वाचली. तीन वर्षांची सुकन्या ढिगाऱ्याखालून दुपारपर्यंत 'अप्पा, अप्पा' करत होती. धुळीत आवाज कुठून येतोय तेच उमगेना. त्याची नखं निघाली. आवाज थांबल्यावर ती सापडली, तो उकरत होता तिथून चार हातांवर. त्यानंतर त्यानं थापी हातात धरली नाही. मुरुडला अडतीवर पोती वाहिली. मागून झालेल्या उज्वलाला बहीण भूकंपात गेली एवढंच ठाऊक होतं.

चष्म्यात जमीन हलली. घरं खाली बसली, पण ऊन लख्ख होतं. माणूस अडकलेला असेल तिथं लाल दिवा लुकलुकायचा. बटण दाबलं की दगड कापसासारखा उचलला जायचा. एक बाई निघाली, एक म्हातारा, दोन लेकरं. आठ मिनिटांत सातही माणसं कपडे झटकत उभी राहिली.

"एकही मेलं नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "असा स्कोअर अजून कुणाचा झाला नव्हता." सत्यमनं टाळ्या वाजवल्या, फोटो काढला.

बसवंतनं चष्मा उतरवला. "यात धूळ का न्हाई?"

"धूळ ठेवली तर काही दिसत नाही, आजोबा. मग लोक खेळत नाहीत."

संध्याकाळी उज्वलानं कौतुकानं तो फोटो आईला दाखवला. सिंधुनं तो बराच वेळ बघितला. बसवंत पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा ती भाकरी थापत होती.

"किती काढलाव?"

"सात."

"लेकरं व्हती का त्यात?"

"व्हती. दोन."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ती बरी घावली तुमाला," ती म्हणाली.

बत्तीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. बसवंत भरलेला तांब्या तसाच ठेवून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो एकटाच मुरुडला परतला. सिंधु लेकीकडं राहिली. कधी येणार ते त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.