दुबलगुंडीच्या टाकीला पचलेलं गवत

उदगीरहून सकाळच्या बसनं निघालो. सीमेपलीकडं कानडी मुलखातल्या दुबलगुंडीला सहा वर्षांनी चाललो होतो. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरामागची गोबरगॅसची टाकी मीच इंजिनिअर म्हणून बांधून घेतली होती. शेणाबरोबर माळावरचं गवत घाला, असं मी सांगितलं. गवत वर तरंगलं, त्याचा जाड थर धरला, गॅस थांबला. अहवालात मी लिहिलं, ‘ग्रामस्थांनी निगा राखली नाही.’ गवत आधी बारीक कापून मुरवायचं असतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मन्नाएखेळ्ळी गाव मागं पडलं. दोन्ही अंगांना तांबडी माती आणि पोटरीएवढं हिरवं गवत. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या महादेवीअक्कांनी फोनवर या म्हणून सांगितलं होतं. टाकी उपसून त्यांनी पुन्हा भरली होती. आज शेगडी पेटली नाही तर पंचायत टाकी बुजवणार होती.

गावानं मला लगेच ओळखलं. कानडीत हुल्लु म्हणजे गवत आणि हल्लु म्हणजे दात. टाकीत रोज दोन टोपल्या हल्लु घाला, असं मी त्या वेळी भर सभेत बजावलं होतं. पारावरच्या एका अप्पांनी बोळकं उघडून दाखवलं.

“माझे तर समदे तुमच्या टाकीत गेले की, साहेब.”

अक्कांनी गवत मुरवायचा खड्डा दाखवला. गवताचे बोटाएवढे तुकडे पायानं तुडवून ताडपत्रीखाली दाबलेले, लोणच्यासारखा आंबूस वास. ही युक्ती त्यांना भावाच्या गोठ्यातल्या मुरघासावरून (मुरवलेला हिरवा चारा) सुचली.

“म्हशीला पचतंय, तर टाकीला कामून पचंना?”

पंचायतीची माणसं शेगडीभोवती जमली. पहिली काडी विझली, दुसरीही. अक्कांनी गॅसच्या नळीत साचलेलं पाणी काढलं. तिसऱ्या काडीला निळी ज्योत उभी राहिली, आणि राहिलीच.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, “टाकी तुम्ही बिघडवली नव्हती. मी अर्धवट सांगितलं आणि दोष तुमच्यावर लिहिला.”

अक्कांनी शेगडीवर भाताचं पातेलं चढवलं.

“ते आमाला तवाच ठावं होतं,” अक्का म्हणाल्या. “म्हणून तर तुमालाच बोलावलं. आता कामून मागं उभारलाव? भात ढवळा.”

भात मी ढवळला, पोरांना वाढलाही. मग अक्कांनी मला जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि भरली वांगी वाढली. टाकी बुजवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, दुबलगुंडीच्या शाळेचा स्वयंपाक गवताच्या गॅसवर होतो. त्यांना खरं वाटेना. कुणी केलं म्हणून त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशा प्रश्नाला मी पहिल्यांदाच माझं सोडून दुसऱ्या कुणाचं, महादेवीअक्कांचं, नाव सांगितलं, आणि ते सांगताना ऊर भरून आला.