अप्पांनी माझ्या नाचाचा व्हिडिओ पाहिला

मित्रांनो, आज सकाळी हैदराबादचा ईडीएम फेस्टिव्हल, म्हणजे डीजेच्या संगीतावर नाचायचा मेळा, करून औरादला घरी आलो. मनगटावरचा प्रवेशाचा पट्टा अजून काढला न्हाई. दोन दिवस बेभान नाचलो. आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली न्हाई.

व्हिडिओ अप्पांना, म्हणजे वडिलांना दाखवला. ते जत्रेत धनगरी ढोल वाजवायचे. बापाच्या ढोलावर नाचाचं पहिलं पाऊल पोरानं टाकायचं, ही आमच्या घरची रीत. मी मास्तर झालो. लोक हसतील म्हणून कधीच नाचलो न्हाई.

"एवढं नाचता येतंय व्हय तुला? मग माझ्या ढोलावर कामून न्हाई नाचलास?"

लकव्यानं त्यांचा उजवा हात गेलाय. डाव्या हातानं त्यांनी खाटेवर ठेका धरला.

मी उठून उभा राहिलो. पाय उचललाच गेला न्हाई.

हजारो अनोळखी लोकांत नाचतो आपण. घरातल्या एका माणसासमोर कामून अडतो?