कॅसेटमधलं घर

धुळ्याला आमच्या गल्लीत टीव्ही होता तो आमच्याकडे, म्हणून रविवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत असे. एक जपानी कार्टून मालिका हिंदीत लागायची. वाट चुकलेला मुलगा, सोबत बोलणारं कासव. दर रविवारी नवं गाव आणि शेवटी घर नाहीच. वडील तिला मारुतीचं शेपूट म्हणायचे.

समोरच्या अक्का एकही रविवार चुकवत नसत. त्यांचा मुलगा कामाला म्हणून सुरतेला गेला होता आणि दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. त्याबद्दल त्या बोलत नसत. मालिकेतल्या मुलाला मात्र त्या टीव्हीसमोर बसून रस्ता सांगत.

माझा आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता. सुट्टीत त्याने त्याच मालिकेवरच्या सिनेमाची कॅसेट जपानहून आणली. व्हीसीआर भाड्याने आणला. आमच्या टीव्हीवर रंग उमटले नाहीत आणि भाषा कोणालाच कळली नाही. पण शेवटी मुलगा डोंगर उतरला, आई दारात उभी होती, आणि अक्कांच्या डोळ्यांना धार लागली. जाताना त्यांनी आतेभावाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

पुढच्या रविवारी मालिकेत तो मुलगा पुन्हा परक्या गावात घर विचारत होता.

"आरे, त्याले माय भेटनी ना! आते कसाले हिंडस?" अक्का म्हणाल्या.

आतेभावाने सांगितलं होतं तेच मी सांगितलं: सिनेमा वेगळा, मालिका वेगळी, सिनेमातलं मालिकेत धरत नाहीत. सातवीत होते, समजावून सांगायची मला फार हौस. अक्का मधेच उठून गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी बोलवायला गेले, तर त्या दारात तांदूळ निवडत होत्या.

"माले नही येनं. तो घर गया, मी मन्हा डोयानी देखं. तुम्हले हिंडाडनं तर हिंडाडा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी. खरं तेच सांगत असून कोणी ऐकत नाही, याचा मला राग आला होता. आवाज चढलेला ऐकून आई रस्ता ओलांडून आली आणि दंडाला धरून मला घरी घेऊन गेली.

"पण आई, खरा शेवट तो नाहीच," मी म्हणाले.

"असू दे," आई म्हणाली. "कोणाचा तरी पोरगा घरी आला."