डॉक्टरीणबाई आणि व्हिडिओखालचे पत्ते

किल्लीवाल्याच्या टपरीला लागून एक खोली आहे. खोली कसली, बोळच तो. आत शिलाई मशीन, कापसाचं पोतं, बटणांच्या बरण्या आणि भिंतीला टेकून बसलेले पेशंट: कान तुटलेला ससा, पोट फाटलेलं अस्वल, एका डोळ्याची बाहुली. त्यांना बरं करणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. शाळा सातवीत सुटली, पण टाका असा घालतात की जखम कुठे होती ते शोधून सापडू नये.

टाका घालताना त्या पेशंटशी बोलतात. "रडायचं नाही हं. थोडंसं टोचेल. एवढी मोठी घोडी झालीस आणि सुईला घाबरतेस?" दुरुस्तीला आलेलं पोर ते ऐकून गप्प बसतं, म्हणून लागलेली ही सवय. सुनेनं एकदा ते मोबाईलवर घेतलं, इंटरनेटवर टाकलं, आणि बघता बघता एकशे बारा व्हिडिओ झाले. खाली प्रतिक्रियांची ही रांग. कुठली शिंपीण विचारायची, "मॅडम, हा टाका आतून की बाहेरून?" कुणी निवृत्त मास्तर नातीच्या बाहुलीची मान घेऊन अडून बसलेले असायचे. आयुष्यात बाईंना मॅडम कुणी म्हटलं नव्हतं. दुपारच्या चहाला त्या एकेकाला उत्तर लिहीत, आणि लिहिताना मान जरा ताठ होई. का होऊ नये? कुणी ओंजळीत टाकलेला मान नव्हता तो, बोटं टोचून घेऊन कमावलेला होता.

सोमवारी व्हिडिओच्या कंपनीचं फर्मान आलं. सुनेनं वाचून दाखवलं. तुमचा प्रत्येक व्हिडिओ लहान मुलांसाठी आहे की नाही, ते शुक्रवारपर्यंत खरंखरं सांगा. मुलांची माहिती गोळा करायची नाही असा कायदा आहे, त्यामुळे जो मुलांसाठी असेल त्याच्या प्रतिक्रिया बंद होतील.

डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. "मी कुणाची माहिती गोळा करते? मी कापूस गोळा करते!"

"आई, तुमच्यावर आरोप नाहीये. नियम सगळ्यांना आहे."

"नियम सगळ्यांना असतो आणि टाळं आमच्यासारख्यांच्या दाराला लागतं. माझी माणसं आहेत ती. उद्या त्या मास्तरांनी विचारायचं कुणाला?"

भिंत पातळ. किल्लीवाल्यानं पलीकडूनच सल्ला दिला, "अहो, 'मुलांसाठी नाही' वर बोट ठेवा आणि मोकळ्या व्हा! कोण येतंय बघायला?"

"तू लोकांची कुलपं उघडतोस, म्हणून मलाही तेच शिकवतोस होय रे? खोटं नाही सांगणार मी. पुराव्यानिशी दाखवीन, माझ्याकडे मोठी माणसं येतात म्हणून!"

आणि पुरावा गोळा करायला त्या मंगळवारी सकाळीच बसल्या. सून एकेक प्रतिक्रिया वाचणार, मोठ्या माणसाची असली की बाई वहीत रेघ ओढणार. पहिला तासभर रेघा झरझर पडल्या. बाई खुशीत.

मग सून वाचता वाचता थांबली.

"वाच की."

"'माझ्या माकडाचा डोळा हरवला. मी सात वर्षांची आहे.' खाली तुमचं उत्तर आहे, आई. 'रडू नको राजा. घरचा पत्ता लिही, मावशी नवा डोळा पाठवते.'"

"पाठवला होता मी. काळं चकचकीत बटण. पाकिटात घालून."

"तिनं पत्ता लिहिलाय. इमारत, मजला, निळा दरवाजा. पुढे लिहिलंय, 'आई सहा वाजता येते, तोपर्यंत मी एकटीच असते. बेल दोनदा वाजवा.'"

बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"हे कुणाकुणाला दिसतं गं?"

"सगळ्यांना. ज्याच्या हातात मोबाईल आहे त्या प्रत्येकाला."

असे पत्ते एकूण सदतीस निघाले. प्रत्येकाला बटण गेलं होतं, आणि प्रत्येक पत्ता बाईंनीच, मायेनं, चारचौघांत मागून घेतला होता. कंपनीला शिव्या देता येत होत्या, कायद्याला देता येत होत्या. आता शिव्या द्यायच्या कुणाला?

"पुसून टाक ते. नाही, थांब, दे इकडे." चष्मा नाकावर ढकलून त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं एकेक पत्ता पुसला. चहा निवून गेला. वहीतल्या रेघांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी किल्लीवाल्यानं डोकं आत घातलं. "मग? झालं का सिद्ध?"

"झालं. 'सुईला घाबरतेस' हे मी काय मास्तरांना म्हणते? पोरांसाठीच बोलते मी. पोरांचंच आहे ते."

गुरुवारी एकशे चार व्हिडिओंवर 'मुलांसाठी' अशी खूण झाली आणि त्यांच्या खालची रांग पुसली गेली. बाईंना लागलं ते. उरले आठ, ज्यांत मशीनला तेल घालण्यापलीकडे काही नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी पोरांसाठी एक छोटा व्हिडिओ केला. अस्वलाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ह्याचा डोळा हरवला, तर ह्यानं काय केलं? घरातल्या मोठ्या माणसाला सांगितलं. पत्ता कुणालाही लिहून दिला नाही. मावशीलासुद्धा नाही."

मोठ्यांसाठी वेगळा वर्ग काढायची कल्पना सुनेची. "फक्त टाके दाखवा, आई. बाहुलीशी बोलायचं नाही."

तीनदा चित्रण फसलं. हातात बाहुली आली की बाईंच्या तोंडून "ए शोने" निघायचंच. चौथ्यांदा सुनेनं बाहुली काढून घेतली आणि हातात नुसती चिंधी दिली. चिंधीशी काय बोलणार? बाईंनी थेट कॅमेऱ्याकडे मान वळवली. "नीट बघा. ढिला टाका घालाल, तर कापूस बाहेर येईल आणि पोराच्या तोंडात जाईल. मग मला विचारायला येऊ नका. आलात तरी शिव्या खाल."

सून हसू दाबत होती, म्हणून मोबाईल हलला. तसाच टाकला तो व्हिडिओ.

शनिवारी बाई दुपारचा चहा घेऊन बसल्या.

"सहाच जण आलेत, आई," सून जरा भीतभीतच म्हणाली.

"सहा? भरला की वर्ग! काय म्हणतायत?"

"शिंपीण म्हणते, अजून दाखवा. आणि मास्तर म्हणतायत, त्यांचा टाका उसवला."

"उसवणारच." बाईंनी मोबाईल हातात घेतला, नीट टेकून बसल्या आणि सावकाश एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या, "दोरा तिरका घातलात. सगळं काढा आणि पहिल्यापासून सुरू करा."